अर्जाची पहिली छाननी यंत्राच्या हाती



सेवायोजन कार्यालयात नाव नोंदविण्यासाठी लागणारी रांग या सभागृहातील अनेक ज्येष्ठांनी पाहिली असेल. काहींच्या नोकरीची सुरुवातच त्या रांगेतून झाली असेल. खिडकीपाशी पोहोचल्यावर लिपिक गुणपत्रिका पाही, दोन-चार प्रश्न विचारी आणि उमेदवाराच्या शिक्षणाला व कामाला लागू पडणारा व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक कार्डावर लिही. एखाद्या कारखान्याकडून वा कचेरीकडून मागणी आली म्हणजे त्या क्रमांकाची कार्डे बाहेर काढली जात आणि त्यांतून नावे पाठविली जात. कार्डावर क्रमांक कोणता पडतो, याला म्हणूनच मोठे महत्त्व असे. उमेदवार कितीही हुशार असला तरी त्याचे कार्ड भलत्याच खणात गेले, की बोलावणे येण्याची आशा उरत नसे.

ही यंत्रणा आपल्या देशात जुलै १९४५ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामधंद्याला लावणे हा तिचा मूळ हेतू होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी या कार्यालयांचा दैनंदिन कारभार राज्य सरकारांकडे आला. नागपूर त्याच दिवशी जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाले, हा एक योगायोग होय. व्यवसायांचे राष्ट्रीय वर्गीकरण १९५८, १९६८, २००४ आणि २०१५ असे वेळोवेळी सुधारले गेले. २०१५ च्या वर्गीकरणात प्रत्येक व्यवसायाला आठ अंकी क्रमांक आहे. सांगण्याचा मुद्दा असा, की माणसाच्या साऱ्या कर्तृत्वाला एका खणात बसविण्याची ही रीत संगणकाने आणलेली नाही, ती जुनीच आहे. फरक इतकाच, की तेव्हा कार्डे चाळणारा लिपिक माणूस होता. अक्षर वेडेवाकडे असले तरी तो लावून वाची, आणि एखादी गोष्ट समजली नाही तर विचारी.

आज मोठ्या खाजगी कंपन्यांकडे अर्ज करावयाचा तो बहुधा संकेतस्थळावरूनच करावा लागतो. नागपूरच्या मिहान प्रकल्पात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या कंपन्यांची केंद्रे उभी राहिल्यापासून विदर्भातील मुलामुलींना पुण्या-मुंबईस न जाताही अशी नोकरी मिळण्याची वाट खुली झाली. मात्र एकेका जागेसाठी शेकड्यांनी, कधी हजारांनी अर्ज येतात. ते सारे वाचण्याइतका वेळ कोणत्याही कंपनीच्या भरती विभागाकडे नसतो. म्हणून अर्ज स्वीकारणारी, त्यांतील माहिती वेगळी काढणारी आणि त्यांचा क्रम लावणारी संगणकप्रणाली जगभर वापरली जाते. तिला 'ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम' असे म्हणतात. आपल्या सोयीसाठी तिला छाननी-यंत्र म्हणावयास हरकत नाही.

यंत्र वाचते म्हणजे काय करते?

समजा, उमरेड तालुक्यातील एका वाणिज्य पदवीधर मुलीने बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यातील लेखा सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला. पदवीनंतर दोन वर्षे तिने गावच्या करसल्लागाराकडे काम केले आहे. टॅलीवर नोंदी करणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे, बँकेच्या पासबुकाशी हिशेबाचा ताळमेळ घालणे ही कामे ती रोज करीत असे. म्हणजे जाहिरातीत जे मागितले आहे ते सर्व तिच्यापाशी आहे. मोबाईलवर सापडलेल्या एका देखण्या नमुन्यात तिने बायोडाटा तयार केला. डाव्या बाजूला काळी पट्टी, तिच्यात छायाचित्र, दूरध्वनी क्रमांक आणि कौशल्ये. उजव्या बाजूला शिक्षण व अनुभव. कौशल्यांपुढे शब्द नाहीत, तारे आहेत. संगणकाला पाचपैकी चार, इंग्रजीला तीन. अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ: 'हिशेबाचे सर्व काम येते.'

छाननी-यंत्र या कागदाचे काय करील? प्रथम ते कागदावरील अक्षरे तेवढी उपसून घेईल. छायाचित्र, पट्टी, तारे यांना तेथे अर्थ नाही. दोन रकाने शेजारी असल्यास काही यंत्रे डावीकडून उजवीकडे सरळ वाचीत जातात. मग दूरध्वनी क्रमांकाच्या पोटात महाविद्यालयाचे नाव येते आणि पदवीच्या वर्षाला घरचा पत्ता चिकटतो. पानाच्या अगदी वरच्या शीर्षभागात किंवा तळटीपेच्या जागेत लिहिलेला पत्ता व क्रमांक काही यंत्रे वाचतच नाहीत. नंतर उपसलेला मजकूर नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्ये अशा खणांत वाटला जाईल. त्यासाठी यंत्र ओळखीची शीर्षके शोधते. 'माझी वाटचाल' असे काव्यमय शीर्षक दिले, तर त्याखालचा मजकूर कोणत्या खणात घालावा हे त्याला कळेलच असे नाही. 'कामाचा अनुभव' असे साधे शीर्षक त्याला समजते. शेवटी जाहिरातीत मागितलेल्या गोष्टी आणि अर्जातील गोष्टी यांची जुळणी होईल. जाहिरातीत टॅली आहे, जीएसटी आहे, एक्सेल आहे. मुलीच्या कागदावर यांपैकी एकही शब्द नाही. काम येत असूनही ती यादीच्या तळाशी जाईल, आणि भरती अधिकारी वरची वीस-पंचवीस नावे पाहून थांबला, तर तिचा अर्ज कोणीच वाचणार नाही.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे जरूर आहे. शंभरांतील पंचाहत्तर अर्ज यंत्रच फेटाळून लावते, असा आकडा सर्रास सांगितला जातो. त्याला प्रसिद्ध झालेल्या कोणत्याही संशोधनाचा भरवशाचा आधार नाही. बायोडाटा सुधारून देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना तो सोयीचा आहे एवढेच. यंत्र पुष्कळदा फेटाळत नाही, क्रम लावते. सरळ नकार बहुधा अर्जासोबतच्या प्रश्नांवरून मिळतो. पदवी आहे काय, अमुक वर्षांचा अनुभव आहे काय, नागपुरात राहून काम करण्याची तयारी आहे काय, अशा प्रश्नांना घाईने 'नाही' उत्तर गेले, की पुढचा कागद कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही. म्हणून ते प्रश्न शांतपणे, एकेक वाचून, खरी उत्तरे देऊन भरले पाहिजेत. शाळा-महाविद्यालयांतून या गोष्टीकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही.

कृतिदेवचा घोटाळा

विदर्भाच्या दृष्टीने याहून मोठी अडचण वेगळीच आहे, आणि तिचा विचार इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत सापडावयाचा नाही. तहसील कचेरीजवळच्या टंकलेखनाच्या दुकानांत मराठी मजकूर अजूनही कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये तयार होतो. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या माणसाला तो सोयीचा वाटतो, छापून आलेला कागदही स्वच्छ दिसतो. परंतु हे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी काढलेली देवनागरी चित्रे होत. संगणकाच्या पोटात साठवले जाते ते इंग्रजी चिन्हच. कृतिदेवमध्ये लिहिलेला 'शिक्षक' हा शब्द यंत्राला कसा दिसतो? एफ, मग एकेरी अवतरणचिन्ह, मग के, मग महिरपी कंस, पुन्हा के, शेवटी डी. डोळ्यांना जो गुरुजी दिसतो, तो यंत्राच्या लेखी निरर्थक चिन्हांचा ढीग असतो. असा अर्ज मराठी जाणणाऱ्या यंत्रापुढे जाऊनही वाचला जाणार नाही. युनिकोड पद्धतीत मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा जगन्मान्य क्रमांक आहे, म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेला 'शिक्षक' सर्वत्र शिक्षकच राहतो.

याची परीक्षा अगदी सोपी आहे, आणि तिला कोणतीही जाणकारी लागत नाही. तयार झालेल्या बायोडाट्यातील सगळा मजकूर निवडून त्याची नक्कल करावी आणि ती नोटपॅडवर किंवा मोबाईलच्या साध्या संदेशात चिकटवावी. तेथे जे उमटेल, जवळपास तेच यंत्राला दिसणार आहे. मराठीची जागा इंग्रजी चिन्हांनी घेतली, तर फाँट जुना आहे. ओळी एकमेकींत मिसळल्या, तर रकाने काढून टाकावेत. काहीच चिकटले नाही, तर तो कागद म्हणजे स्कॅन केलेले चित्र आहे. अनेक दुकानांत बायोडाटा छापून, सही करवून, पुन्हा स्कॅन करून देतात. सरकारी अर्जाच्या सवयीतून आलेली ती पद्धत येथे घातक ठरते. मराठी मजकुराची पीडीएफ केली असता युनिकोड असूनही जोडाक्षरे कधीकधी तुटतात. कंपनी वर्डची फाईल स्वीकारीत असेल, तर मराठीसाठी तीच पाठविणे अधिक सुरक्षित.

खाजगी क्षेत्रातील बहुतेक अर्ज इंग्रजीत असतात हे खरे. तेथे फाँटचा प्रश्न मिटतो, पण नावांचा उभा राहतो. आपल्याकडील गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधार कार्डावर दुसराच क्रम असतो, आणि विवाहानंतर मुलींच्या कागदपत्रांत तिसरा. एकाच आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग कोठे एका स्वराने, कोठे दुसऱ्याने. यंत्राला ही तीन वेगळी माणसे वाटू शकतात. म्हणून एक रूप ठरवावे आणि सर्व अर्जांत तेच ठेवावे.

संस्थांच्या नावांचेही तसेच आहे. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झाले. १९६० चे विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ पासून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. जुने नागपूरकर मात्र अजूनही व्हीआरसीईच म्हणतात. अमरावतीला १९८३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, गडचिरोलीला २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ. म्हणजे चंद्रपूरच्या एकाच महाविद्यालयातून थोरला भाऊ नागपूर विद्यापीठाचा पदवीधर झाला असेल आणि धाकटी बहीण गोंडवाना विद्यापीठाची. यावर उपाय एकच. पदवी प्रमाणपत्रावर जे नाव छापले आहे ते पूर्ण लिहावे आणि रूढ संक्षेप त्याला जोडून द्यावा. संक्षेप व पूर्ण रूप दोन्ही असली, की यंत्र कोणतेही शोधो, त्याला सापडते.

एमएस-सीआयटीची गोष्ट याच जातीची आहे. २००१ पासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील मुलांनी हा अभ्यासक्रम केला आहे, पण बंगळूर किंवा हैदराबाद येथे ठरविलेल्या जाहिरातीत ही अक्षरे कोण घालणार? 'महाराष्ट्र राज्य माहिती तंत्रज्ञान प्रमाणपत्र' असे विस्ताराने लिहून, त्यात शिकलेली वर्ड, एक्सेल ही नावे पुढे दिली, तर त्या प्रमाणपत्राचे चीज होईल.

तारखांविषयी एकच सूचना. ५/६/२०२२ म्हणजे आपल्याकडे पाच जून, अमेरिकेत सहा मे. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले, की वाद मिटतो.

मोकळी वर्षे

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळावयाचे. हार्वर्ड बिझनेस स्कूल व ॲक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी या देशांतील कंपन्यांचा अभ्यास करून अहवाल प्रसिद्ध केला. पात्र आणि उच्च कौशल्याचे उमेदवारही केवळ ठरावीक निकषांशी तंतोतंत न जुळल्याने वगळले जातात, असे ८८ टक्के नियोक्त्यांनी त्यात मान्य केले. कामात सहा महिन्यांहून अधिक खंड पडलेल्यांना अनेक कंपन्यांची यंत्रे बाजूला काढतात, असेही त्यात आढळले.

हा निकष नागपूरच्या अभ्यासिकांना लावून पाहावा. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले तेथे तीन-तीन, चार-चार वर्षे काढतात. जागा थोड्या, उमेदवार फार. अखेर बहुसंख्यांना दुसरी वाट धरावी लागते, आणि तेव्हा बायोडाट्यात चार वर्षांची पोकळी दिसते. ही मुले लाजेने ती पोकळी तशीच सोडतात, किंवा कोणाच्या तरी नावाने खोटा अनुभव दाखवितात. खोटा अनुभव पडताळणीत उघडा पडतो व मिळालेली नोकरीही जाते. त्यापेक्षा ती वर्षे सरळ लिहावीत: 'स्पर्धा परीक्षेची पूर्णवेळ तयारी', महिना व वर्ष यांसह, आणि त्या काळात केलेले खरे काम त्याखाली. कोणी शिकवण्या घेतल्या असतील, कोणी वसतिगृहाच्या खाणावळीचा हिशेब सांभाळला असेल. काटोल-नरखेडकडचा एखादा मुलगा हंगामात वडिलांबरोबर कळमन्याच्या बाजारात संत्री घेऊन जातो, गाडीभाडे, हमाली, अडत यांचा हिशेब ठेवतो, व्यापाऱ्याकडून पैसे वसूल करतो. आणि अर्जात मात्र 'अनुभव नाही' असे लिहितो! ते काम कोणत्या वर्षापासून, किती बागेचे, कोणत्या नोंदी ठेवून केले हे लिहिले, तर तो अनुभवच होय. लग्न, बाळंतपण, घरातील आजारपण यांमुळे नोकरी सोडावी लागलेल्या स्त्रियांनाही हीच रीत लागू आहे. कारणाची कैफियत नको, काळ आणि त्यात केलेले काम एवढे पुरे.

यंत्राचा कौल निःपक्षपाती असतो, असे समजण्याचेही कारण नाही. ॲमेझॉन कंपनीने २०१४ पासून असे एक यंत्र तयार करण्याचा प्रयत्न केला होता. पूर्वीच्या दहा वर्षांचे अर्ज त्याला शिकण्यासाठी दिले गेले. ते बहुतांश पुरुषांचे असल्याने 'महिला' या अर्थाचा शब्द असलेल्या अर्जांना यंत्र कमी गुण देऊ लागले. ही हकीकत २०१८ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केली. तोवर कंपनीने तो प्रयोग सोडून दिला होता. नागपूरच्या लेडी अमृतबाई डागा महिला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीला आपल्या महाविद्यालयाचे नाव लिहिताना तो शब्द टाळणे शक्य तरी आहे काय? न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून अशा यंत्रांची भेदभावाच्या दृष्टीने तपासणी सक्तीची केली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने नोकरभरतीतील असा वापर अधिक जोखमीच्या वर्गात घातला.

यंत्राला फसविण्याच्या युक्त्याही निघाल्या आहेत. संपूर्ण जाहिरात पांढऱ्या शाईत, म्हणजे कागदावर न दिसेल अशी, बायोडाट्याच्या तळाशी चिकटवावयाची, अशी एक युक्ती मुलांना सांगितली जाते. परंतु यंत्राने मजकूर उपसला की तो साध्या काळ्या अक्षरांत अधिकाऱ्यापुढे येतो, आणि उमेदवाराची लबाडी त्याच पानावर दिसते. जाहिरातीतील शब्द जरूर घ्यावेत. पण ज्यांच्यामागे आपले काम आहे असेच, आणि त्या कामाच्या वाक्यातच. उमरेडच्या त्या मुलीने लिहावे: 'जुलै २०२२ ते जून २०२४, करसल्लागाराच्या कार्यालयात लेखा सहायक. अठरा दुकानदारांच्या टॅलीवरील नोंदी, मासिक जीएसटी विवरणपत्रे, एक्सेलमध्ये बँक ताळमेळ.' या तीन ओळी यंत्रालाही समजतात आणि माणसालाही.

मराठी घरात बायोडाटा हा शब्द लग्नाच्या संदर्भात अधिक ऐकू येतो, त्यामुळे नोकरीच्या कागदावरही उंची, रास, जात, वडिलांची शेती असा मजकूर हमखास उतरतो. खाजगी नोकरीच्या अर्जात त्याचे काही काम नाही. आधार क्रमांक तर मुळीच लिहू नये. सरकारी भरतीत आरक्षणासाठी जातीची माहिती लागते ती विहित ऑनलाईन अर्जाच्या ठरलेल्या रकान्यात. तेथे बायोडाट्याचा प्रश्न नसतो. तेथील अडथळे निराळे: छायाचित्राचा व सहीचा आकार, प्रमाणपत्राचा दिनांक, शुल्क भरल्याची पावती.

यात ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. आपल्या गावच्या सेवा केंद्रात मराठी मजकूर युनिकोडमध्ये टंकित होतो की नाही, हे सदस्यांनी एकदा समक्ष पाहावे. दुकानदार, दूधसंस्था, कंत्राटदार यांच्याकडे काम केलेल्या मुलांना अनुभवाचा दाखला देताना 'वर्तणूक चांगली होती' या पारंपरिक वाक्याबरोबर कामाचे नाव, कालावधी व वापरलेली साधने लिहून द्यावीत, असा आग्रह धरावा. अकरावी-बारावीच्या वर्गात अर्जलेखन शिकविले जाते. त्याच तासाला एका खऱ्या जाहिरातीवरून बायोडाटा लिहून, नक्कल करून चिकटविण्याची परीक्षा घेता येईल. त्याला एक मोबाईल पुरतो.

सेवायोजन कार्यालयाचे आजचे रूप म्हणजे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. राज्य शासनाच्या महास्वयम संकेतस्थळावर आणि केंद्र शासनाच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल करिअर सर्व्हिस या संकेतस्थळावर उमेदवाराला नाव नोंदविता येते. तेथेही रकाने भरूनच माहिती द्यावयाची असते, आणि तेथेही रिकामा ठेवलेला कौशल्याचा रकाना शोधात सापडत नाही. केंद्रामार्फत भरणाऱ्या रोजगार मेळाव्यांत मात्र कंपनीचा माणूस समोर बसलेला असतो. ज्यांच्या कागदाला यंत्र दाद देत नाही अशा मुलांनी तेथे अवश्य जावे. जाताना त्याच साध्या, एका रकान्याच्या बायोडाट्याच्या चार-पाच छापील प्रती जवळ असाव्यात, आणि त्यांवरील मोबाईल क्रमांक चालू असावा. क्रमांक बदललेला आणि बायोडाटा जुनाच, एवढ्या कारणाने हुकलेल्या मुलाखती थोड्या नाहीत.